सर्द हवा आणि कॅमेरा : विजयदुर्ग, जानेवारी १८९८

थंडीच्या दिवसांत चित्रण करताना कॅमेऱ्याचे रक्षण कसे करावे, हा विषय रत्नागिरीच्या संदर्भात मांडला तर तो काहीसा विपरीत वाटण्याचा संभव आहे. येथील जानेवारीतील सरासरी किमान तापमान १८-१९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पाणी गोठण्याची गोष्ट तर राहोच, पण पहाटे पांघरलेली शालही ऊन चढताच उतरवावी लागते. ज्या प्रदेशात थंडीची मुख्य वार्ता आंब्याच्या मोहोरापुरतीच मर्यादित असते, तेथे कॅमेऱ्यास थंडीपासून काय भय, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा यत्न आहे की, थंडी आणि कॅमेरा यांच्या वैराचे मूळ पारा किती उतरला यात नसून हवेतील बाष्पात आहे. त्यामुळे हा विषय हिमप्रदेशाइतकाच कोकणचाही आहे. आणि ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या किनाऱ्यावरील एका प्रसिद्ध घटनेच्या कालनिर्णयासही साहाय्य होते. ती घटना म्हणजे विजयदुर्ग किल्ल्यावरील ग्रहणवेध.

प्रथम कडाक्याच्या थंडीचा विचार करू. कॅप्टन स्कॉट यांच्या १९१०-१३ च्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा छायाचित्रकार होता. दृश्य जुळवीत असताना ओठ ओले करावयास गेलेली त्याची जीभ एकदा कॅमेऱ्याच्या धातूस लागली आणि तत्क्षणी गोठून तेथेच चिकटली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. इतक्या थंडीत वंगणाचे तेल घट्ट होते, पडदा मंद चालू लागतो, सेल्युलॉइडची फीत ठिसूळ होऊन तुटते, कोरड्या हवेत ती फिरविताना घर्षणाने विजेच्या ठिणग्या उडून चित्रावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. आजच्या कॅमेऱ्यात फीत राहिली नाही, परंतु विद्युत्‌घटाची शक्ती थंडीत झपाट्याने क्षीण होते, म्हणून तो खिशात अंगालगत बाळगावा लागतो. या सर्व अडचणींवर उपाय सापडले. तेल पुसून काढले, त्या जागी ग्रॅफाइट वापरले, फीत हळू फिरविली. पण पाँटिंगला सर्वांत जाचक झाली ती निराळीच गोष्ट. बाहेर वापरलेला कॅमेरा उबदार झोपडीत आणताच त्याच्या अंगोपांगांवर, भिंगांच्या आतल्या बाजूंसही, पाणी जमे. तसाच तो पुन्हा बाहेर नेला तर त्या पाण्याचे बर्फ होई. शेवटी त्याने कॅमेरे बाहेर थंडीतच ठेवण्याचा परिपाठ पाडला. म्हणजे दक्षिण ध्रुवाजवळही कॅमेऱ्यास थंडीपासून वाचविण्याचा मार्ग त्यास थंडीतच राहू देणे हा ठरला, आणि त्याचा घात झोपडीतल्या उबेत, चुलीच्या व माणसांच्या श्वासाच्या बाष्पात होता.

याचे कारण साध्या भौतिकशास्त्रातले आहे. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांस १७ ग्रॅम, शून्य अंशास ५ ग्रॅमांहून थोडे कमी, आणि उणे २० अंशांस जेमतेम १ ग्रॅम. अतिशीत हवा ही म्हणून अतिशुष्क हवा होय. उघड्या बर्फावरील हवेत कॅमेऱ्यास ओल लागण्याचे भय थोडे. उलट ३० अंश तापमानाची आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घेतली, जी कोकणात मुळीच असाधारण नव्हे, तर तिचा दवबिंदू २१ अंशांच्या वर निघतो. अशा हवेत २० अंश तापमानाची कोणतीही काच नेली की तिच्यावर पाणी जमलेच पाहिजे. ध्रुवप्रदेशात जो प्रसंग झोपडीचे दार ओलांडताना येतो, तो कोकणात पहाट ओलांडताना येतो. अंतर असलेच तर इतकेच, की ध्रुवप्रदेशात कॅमेरा बाहेरच ठेवून सुटका करून घेता येते. कोकणात बाहेरच बाष्प आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकास थांबणे भाग पडते. मराठीत थंडीचे जे जुने शब्द आहेत त्यांत ‘हिंव’ हा संस्कृत ‘हिम’ शब्दापासून सरळ आलेला. ‘हिमकाल’ यापासून हिवाळा, जसा ‘उष्णकाल’ यापासून उन्हाळा. थंडी वाजून येणारा तो हिंवताप. या शब्दांचा ओलीशी काही संबंध नाही. पण फारसीतून आलेल्या ‘सर्द’ या शब्दाची कथा वेगळी आहे. फारसीत त्याचा अर्थ केवळ थंड असा आहे. आपल्या ‘शिशिर’ शब्दाचा तो दूरचा आप्त मानला जातो. हिंदी-उर्दूतही ‘सर्द हवा’ म्हणजे थंड हवा, आणि ‘सर्दी’ म्हणजे हिवाळा वा गारठा. मराठीत मात्र ‘सर्द’ म्हणजे ओलसर, दमट. भिंतीस सर्दी येते, जमीन सर्द असते. मूळचा थंड हा अर्थ मराठी कोशांनी नोंदविला आहे, परंतु बोलण्यात ओलीचा अर्थ वरचढ झाला. सर्व महाराष्ट्रभर हे अर्थांतर झालेले असल्यामुळे ते केवळ कोकणच्या हवेवर लादता येणार नाही, आणि एका शब्दावरून हवामानाचा सिद्धान्त काढण्याचा मोह आवरलेलाच बरा. तथापि थंडी व ओल यांची सांगड ज्या समाजाच्या नित्य अनुभवात होती त्याच समाजात असे अर्थांतर रुजते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. थंडीत कॅमेरा कसा राखावा हा प्रश्न मराठीत विचारावयाचा तर ‘सर्द हवेत’ असेच म्हटले पाहिजे. एका शब्दात प्रश्नाच्या दोन्ही बाजू येतात.

दुसरा शब्द ‘घाम’. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यास घाम आला, चष्म्यास घाम आला, भिंग घामेजले, असे आपण सहज म्हणतो. रूपक सुंदर आहे, पण दिशाभूल करणारे आहे. घाम आतून बाहेर येतो. तांब्यावरचे पाणी बाहेरच्या हवेतून येते. मडके पाझरते म्हणून तांब्याही पाझरतो असे मानण्याकडे या रूपकाने मनाचा कल होतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा प्रत्यक्ष परिणाम दिसतो: भिंग ओलावले की मनुष्य ते पुसतो, आणि पुसताच ते पुन्हा ओलावते, कारण पाणी कॅमेऱ्यात नसून भोवतालच्या हवेत आहे आणि काच अद्याप थंड आहे. पाठ्यपुस्तकांतील ‘संघनन’ हा शब्द निर्दोष खरा, पण तो वर्गाबाहेर पडत नाही. ‘दंव धरणे’ हा शेतकऱ्यांचा प्रयोग दोहोंपेक्षा सरस ठरेल, कारण दंव कोठून तरी येऊन वस्तूवर बसते ही कल्पना त्यात आहे.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया अरबी समुद्रावरून येऊन तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात भारताच्या भूमीवर चढली, आणि सोलापूर, वऱ्हाड व मध्य भारत ओलांडीत ईशान्येकडे हिमालयापर्यंत गेली. हिवाळ्यातील निरभ्र आकाश, रेल्वेची सोय आणि आठशे मैलांहून लांब असा भूपट्टा यांमुळे जगातील अनेक पथके या ग्रहणासाठी भारतात आली. मुंबई-पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, तरी ती आली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल, जपानचे पथक, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगामवाला उतरले होते. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी मॉन्डर यांनी एका लहानशा भिंगाने सूर्यप्रभेचा फार दूरवर पसरलेला किरण टिपला. या सर्वांत किनाऱ्यावर मुक्काम केलेले महत्त्वाचे पथक एकच: सर नॉर्मन लॉकियर यांचे, विजयदुर्ग किल्ल्यात. वाघोटण नदीच्या मुखावर तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला हा किल्ला आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. १ मे १९८१ पूर्वी तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता.

लॉकियर यांनी किनारा का पत्करला, याचे उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. ग्रहणवेधास लागणारे मनुष्यबळ ते नौदलाकडून घेत. ९ ऑगस्ट १८९६ च्या ग्रहणाच्या वेळी नॉर्वेच्या उत्तर टोकाशी, वारांगर खाडीतील एका बेटावर, त्यांनी ‘व्होलेज’ या युद्धनौकेवरील खलाशांना वेधकार्य शिकविले होते. त्या दिवशी ढग आले आणि सर्व श्रम वाया गेले. त्याच ग्रहणात नोव्हाया झेम्ल्या बेटावर गेलेल्या शॅकल्टन यांना मात्र क्षणदीप्तीच्या वर्णपटाचे पहिले छायाचित्र मिळाले. (ध्रुवप्रवासी शॅकल्टन ते हे नव्हेत, नामसाम्यामुळे विद्यार्थ्यांची गल्लत होते.) विजयदुर्गास लॉकियर यांच्या दिमतीस ‘मेल्पोमीन’ ही युद्धनौका होती. जहाज जेथे नांगरता येईल तेथेच असे पथक काम करू शकते. घाटावर जहाज चढत नाही. म्हणजे मनुष्यबळाच्या लाभासाठी लॉकियर यांनी समुद्राची दमट हवा पत्करली, असा याचा अर्थ होतो.

त्यांचे मुख्य उपकरण लोलक-कॅमेरा हे होते. भिंगाच्या पुढे मोठा लोलक बसविला म्हणजे सूर्याच्या वर्णावरणाची प्रत्येक रंगातील प्रतिमा वेगळी होऊन काचपटावर चंद्रकोरीसारख्या कमानींची रांग उमटते. चंद्रबिंबाने सूर्य पूर्णपणे झाकण्याच्या क्षणी आणि तो पुन्हा उघडण्याच्या क्षणी काही सेकंदच हे दृश्य दिसते. खग्रास अवस्था सारी मिळून सुमारे दोन मिनिटांची. या दोन मिनिटांसाठी कित्येक दिवस आधी उपकरणे उभी करावी लागत, ती जुळवावी लागत, आणि प्रत्येक माणसाने कोणत्या सेकंदास काय करावयाचे याची कवाईत रोज घ्यावी लागे. दोन मिनिटांच्या चित्रणासाठी कॅमेरा अनेक रात्री उघड्यावर उभा, हे ग्रहणवेधाचे वैशिष्ट्य होय. आणि रक्षणाचा प्रश्न त्या रात्रींचा आहे, ग्रहणाच्या दुपारचा नव्हे.

जानेवारीतील कोकणची रात्र निरभ्र असते. अशा रात्री जमिनीवरील वस्तू आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी थंड होतात. म्हणूनच हवेचे तापमान दवबिंदूच्या वर असतानाही पितळी नळी, काच आणि आरसा यांवर दंव पडते. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली दंवावरील आपल्या निबंधात हे प्रथम नीट सिद्ध केले. बागवान लोक कोवळ्या रोपांवर एखादी पातळ चटई टाकतात ती इतक्या थंडीस काय अडविणार, असे आपणास पूर्वी वाटत असे, पण चटई थंडी अडवीत नसून झाडाची उष्णता आकाशात जाऊ देत नाही हे आता कळले, असा आशय वेल्स यांनी त्यात मांडला आहे. दुर्बिणीच्या भिंगापुढे बसविण्यात येणारी पोकळ नळी याच तत्त्वावर काम करते: ती भिंगास आकाशाचा मोठा भाग दिसू देत नाही. कोकणातील मनुष्यास हे पटविण्यास वेल्सची गरज नाही. झावळीच्या झापाखाली ठेवलेली वस्तू पहाटे कोरडी राहते आणि अंगणात ठेवलेली ओली होते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. ग्रहणमोहिमांत उपकरणांवर तात्पुरती छपरे व कनाती उभारण्याचा जो शिरस्ता होता त्याचा हेतू ऊन व धूळ अडविण्याइतकाच दंव अडविण्याचाही होता.

किनाऱ्यावर याखेरीज मीठ असते. समुद्राच्या तुषारांतील मिठाचा पातळ थर प्रत्येक पृष्ठभागावर बसतो, आणि मीठ स्वतः हवेतून ओल खेचते. त्यामुळे एकदा खारावलेला पृष्ठभाग दवबिंदू येण्यापूर्वीच चिकट होतो. सूर्याचे किरण स्थिर कॅमेऱ्यात परावर्तित करणाऱ्या आरशांवर चांदीचा मुलामा असे. अशा हवेत तो काळवंडतो. लोखंडी स्क्रू गंजतात. सरसाने सांधलेली लाकडी पेटी सांध्यांत सुटते. याच अनुभवातून त्या काळी उष्ण प्रदेशांसाठी खास कॅमेरे बनू लागले होते. त्यांची पेटी सागवानी असे, आणि सांधे सरसावर न सोपविता पितळी पट्ट्या व स्क्रू यांनी जखडलेले असत. सागवान आपल्या जंगलांतून विलायतेस जावे आणि कॅमेऱ्याच्या रूपाने परत यावे, हाही त्या व्यापाराचा एक मासला.

काचपटांचे रक्षण याहून नाजूक. जिलेटिनचा लेप दिलेले कोरडे काचपट १८७० नंतरच्या दशकात प्रचारात आले. त्यापूर्वी कोलोडियनचा लेप ओला असतानाच चित्र घेऊन लगेच ते धुवावे लागे. सॅम्युएल बोर्न यांनी १८६६ साली हिमालयातील मणिरंग खिंडीत, १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, याच ओल्या पद्धतीने चित्रे घेतली, हे आजही अचंब्याचे वाटते. कोरड्या काचपटांनी अंधारा तंबू पाठीवर वाहण्याचे कष्ट संपविले, परंतु जिलेटिन ही वस्तू ओल शोषणारी, उष्णतेने मऊ होणारी आणि बुरशीस प्रिय. दमट हवेत ते फुगते, धुताना कडेने सुटून त्यास चुण्या पडतात. म्हणून उष्ण प्रदेशांकडे जाणारे काचपट पत्र्याच्या अस्तराच्या पेट्यांत डाख देऊन बंद केलेले असत, आणि ओलीस अतिशय हळव्या अशा प्लॅटिनम कागदाच्या नळीत तर कॅल्शियम क्लोराइडचे खडे ठेवीत. आपल्या घरी पापड सादळू नयेत म्हणून आगोटीपूर्वी घट्ट झाकणाचे डबे भरतात तोच हा न्याय होय. भर पडली आहे ती खड्यांची.

२२ जानेवारीची दुपार मात्र या सर्व भयांपासून मुक्त होती. दुपारी दंव पडत नाही. त्या वेळची अडचण निराळी असते: ग्रहण लागल्यापासून खग्रास होईपर्यंत ऊन क्रमाने ओसरते, हवा काही अंशांनी उतरते, आणि सकाळच्या उन्हात तापलेल्या धातूच्या नळ्या व आरसे आकुंचन पावून प्रतिमेची स्पष्टता ढळते. या दृष्टीने जेऊर येथील लिक वेधशाळेच्या चाळीस फुटी कॅमेऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्याच्या काचेवर सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची पडे. बारा मीटरांच्या लोखंडी नळीची लांबी १५ अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरांहून अधिक बदलते. म्हणून या जातीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि काच वेगवेगळ्या आधारांवर ठेवीत, आणि मधली नळी कापडाची, दोहोंस स्पर्श न करणारी, निव्वळ उजेड अडविण्यापुरती असे. पठारावरील हिवाळा कोरडा आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असलेला. तेथे आकुंचनाचा धाक अधिक, दंवाचा कमी. किनाऱ्यावर नेमके उलट. एकाच ग्रहणासाठी घाटावर व घाटाखाली दोन निरनिराळ्या थंड्यांशी गाठ होती, ही गोष्ट ग्रहणवेधाच्या इतिहासात फारशी कोणी सांगत नाही.

विजयदुर्गचे वेध यशस्वी झाले. वर्णावरणाच्या वर्णपटाची अनेक छायाचित्रे मिळाली आणि लॉकियर, ‘मेल्पोमीन’चे कप्तान चिझम-बॅटन व कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांच्या नावे लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. याच ग्रहणाचे चलच्चित्र घेण्यासाठी इंग्लंडहून आलेले प्रसिद्ध जादूगार नेव्हिल मास्केलीन यांचे दैव इतके अनुकूल नव्हते. त्यांनी भारतात ग्रहण चित्रित केले, पण परतीच्या प्रवासात फितीचा डबाच चोरीस गेला. रक्षणाचे सारे शास्त्र चोरापुढे व्यर्थ ठरले.

विजयदुर्ग किल्ल्यावर आज जे चिरेबंदी चौथरे दाखविले जातात त्यांना ‘साहेबांचे ओटे’ म्हणतात. त्यांच्याविषयी अशी कथा रूढ आहे की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर यांनी या ओट्यांवर दुर्बीण ठेवून सूर्यावरील हेलियम वायूचा शोध लावला. अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून किल्ल्यावर साजरा होतो, आणि पर्यटनविषयक मजकुरांत ही कथा निःशंकपणे छापली जाते. ती खरी नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१८६८ च्या ग्रहणसमयी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात ते प्रथम आले १८७१ साली, १२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी, आणि त्या वेळी त्यांचा मुक्काम मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यात होता. १८६८ चे वेध घेणारे लोक दुसरे: फ्रान्सचे जान्सेन व इंग्रज अधिकारी टेनंट गुंटूर येथे, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, हेग विजापुरास, पॉग्सन मछलीपट्टणास. सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहणाविनाही पाहता येतो हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे दाखविले; लॉकियर यांनी तेच २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे साधले, आणि दोघांच्या वार्ता फ्रेंच अकादमीपुढे एकाच दिवशी आल्या. सोडियमच्या रेषांजवळची पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा लॉकियर यांनी अभ्यासिली आणि तिच्यावरून नवे मूलद्रव्य कल्पिले. पृथ्वीवर ते रॅम्झे यांना सापडले १८९५ साली. विजयदुर्गास लॉकियर आले ते यानंतर तीन वर्षांनी.

कथा रुजली कशी, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. लोकांनी दिलेल्या नावात दोनच गोष्टी टिकल्या आहेत: करणारा ‘साहेब’ आणि वस्तूचा आकार ‘ओटा’. उपकरणाचा आधारस्तंभ हा कोकणातील घराच्या परिचित भागाच्या नावाने ओळखला गेला, आणि नाव देणाऱ्यांनी त्यापलीकडे काही सांगितले नाही. साल त्या नावात नाही, हेलियमही नाही. ते पुढे पुस्तकांतून आले. पाठ्यपुस्तकांत हेलियमपुढे १८६८ व लॉकियर ही जोडी छापलेली, किल्ल्यावर लॉकियर यांचे ओटे. दोन्ही जोडून वाक्य पूर्ण झाले. भाषाशास्त्रात अपरिचित शब्दास परिचित शब्दाचा आकार देणाऱ्या व्युत्पत्तीस आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो, आणि तिचा दोष अशिक्षितांकडे देतो. येथे व्यापार तोच आहे, पण तो शिकलेल्यांनी केला आहे. योगायोग असा की, १८६८ च्या खग्रास पट्ट्यातही विजयदुर्गचा परिसर येत होता. तीस वर्षांच्या आत एकाच ठिकाणी दोन खग्रास ग्रहणे ही दुर्मिळ गोष्ट असल्याने घोटाळ्यास आणखी वाव मिळाला.

जीवनचरित्रातील हे पुरावे पुरेसे आहेतच. परंतु ते हाती नसते तरी कॅमेरा व दुर्बीण राखण्याच्या व्यवहारावरून शंका यावयास हवी होती. ऑगस्ट महिन्यात, जेथे वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो अशा किनाऱ्यावर, उघड्या तटाजवळ काच, चांदी आणि पितळ यांची नाजूक उपकरणे आठवडे-आठवडे कोण मांडील? जी प्रमुख वेधस्थाने वर सांगितली ती नकाशावर पाहावीत: जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण, सर्व सह्याद्रीच्या पूर्वेस, पावसाच्या आडोशास. तेथेही ढगांनी छळलेच. जमखंडीस हर्शेल यांना ढगांच्या फटींतून जे दिसले तेवढ्यावर समाधान मानावे लागले. ऋतूवरून केलेले हे अनुमान एकटे निर्णायक नव्हे, हे मान्य. पण नांगरलेले जहाज, कवाईत केलेले खलाशी आणि उघड्यावर उभे केलेले लोलक-कॅमेरे यांचा मेळ ज्या ऋतूशी बसतो तो हिवाळा आहे. ओटे लॉकियर यांचे असतील तर ते जानेवारीचे आहेत. आणि त्यांचे खरे महत्त्व हेलियमच्या शोधात नसून क्षणदीप्तीच्या छायाचित्रणात आहे. माझ्या मते हे महत्त्व कमी प्रतीचे नाही. १८६८ साली वर्णपट डोळ्यांनी पाहून हाताने टिपला जात होता; १८९८ साली तो काचपटावर राहिला आणि पुढे कोणासही पुन्हा मोजता येऊ लागला.

आपल्या विभागातील विद्यार्थी बोलींच्या नोंदीसाठी, शिलालेख व पोथ्यांच्या छायाचित्रांसाठी कोकणात हिंडतात, त्यांच्यापुरते दोन शब्द. वातानुकूलित डब्यातून रत्नागिरी स्थानकावर उतरून लगेच कॅमेरा काढणे म्हणजे पाँटिंगच्या झोपडीचे दार ओलांडणेच होय. उतरण्यापूर्वी कॅमेरा घट्ट तोंडाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. बाहेर आल्यावर दंव पिशवीवर धरू द्यावे, आणि आतील कॅमेरा बाहेरच्या हवेइतका ऊन झाल्यावरच, म्हणजे अर्धा-पाऊण तास थांबून, तो उघडावा. हाच उपाय हिमालयातून उबदार खोलीत येताना लागू पडतो. भिंगावर दंव धरलेच तर ते पुसू नये, फुंकर तर मुळीच घालू नये, वाट पाहावी. मुक्कामी कॅमेरा कातडी पिशवीत ठेवू नये, कारण कातडे ओल धरते आणि बुरशी त्यातूनच भिंगावर चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि ते खडे दर काही दिवसांनी तापवून कोरडे करावेत. भिंगाच्या लेपात बुरशीने एकदा मूळ धरले की काच साफ केली तरी तिने खोदलेल्या रेषा राहतात.

विजयदुर्गच्या ओट्यांची नीट मोजणी करण्यास योग्य काळ जानेवारीचाच. प्रत्येक ओट्याची लांबी, रुंदी, उंची, आणि त्याच्या कडांचा उत्तर-दक्षिण रेषेशी होणारा कोन नोंदवावा. आकाशाच्या दैनिक गतीनुसार फिरणाऱ्या उपकरणाचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि त्याचा आधार बहुधा त्याच रेषेत बांधला जातो. तेव्हा कोणत्या ओट्यावर काय उभे होते याचे अनुमान दगडावरूनही करता येईल. सोबत गावातील वृद्धांच्या तोंडून ‘साहेबांचे ओटे’ या नावाचे प्रचलित उच्चार व त्यांना जोडून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, पुस्तकांतला मजकूर मिसळण्यापूर्वीच्या जितक्या मिळतील तितक्या, ध्वनिमुद्रित कराव्यात. छायाचित्रे सकाळी दहानंतर घ्यावीत. तोवर चिऱ्यांवरचे दंव आणि भिंगावरचे दंव दोन्ही उडालेली असतात.